ओलावा वजा जाता

माझ्या बोलण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारं माणूस सबंध परभणी जिल्ह्यात एकच होतं, ती माझी आई. आणि तीसुद्धा शेवटी शेवटी शेजारणीकडून खात्री करून घ्यायची. तेव्हा पुढं जे लिहितोय त्यातलं किती घ्यायचं, किती सोडायचं, हे ज्याचं त्यानं बघावं.

मी तीस वर्षं बियाणे तपासणीच्या एका प्रयोगशाळेची जीप चालवली. त्या जीपला ब्रेक नव्हते असं मी सगळ्यांना सांगत आलोय. ब्रेक होते. पण जोंधळे मॅडम शेजारी बसल्या की त्यांची गरज पडायची नाही. मॅडमनी चष्म्यावरून नुसतं रस्त्याकडं पाहिलं, की समोरची म्हैस, ट्रक, आणि एकदा तर पिंगळीच्या फाटकावर चक्क मालगाडी जागच्या जागी उभी राहिलेली मी या डोळ्यांनी बघितलीय.

हे मी ऑफिसात सांगत असताना मॅडम मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी एक बोट वर केलं.

"रेंगे, आता ओलावा वजा करून सांगा."

"मालगाडी नव्हती मॅडम. टेम्पो होता."

"माझ्याकडं बघून थांबला?"

"पंक्चर होता."

"हां. आता वाळलं."

आमच्याकडं बी आलं की पहिल्यांदा त्यात पाणी किती ते बघतात. दाणा दिसायला टपोरा, पण त्यातला काही भाग नुसता ओलावा. तो वजा केला की खरं बी उरतं. मॅडमनी हेच माप मला लावून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं की त्यांचं बोट वर. बोट वर आलं की माझी गोष्ट आपोआप वाळायला लागायची. हत्तीचा रेडा व्हायचा, रेड्याचं वासरू, आणि वासरू शेवटी शेजाऱ्याचं निघायचं.

त्या बोटाची मला इतकी सवय झाली होती, की मी गोष्ट सांगताना त्यांच्यासाठी मुद्दाम दुप्पट करून सांगायचो. अर्धी जाणार हे धरूनच. याच हिशोबानं पुढं माझा घात केला. माझा म्हणजे त्यांचा.

शकुंतला जोंधळे हे त्यांचं पूर्ण नाव. जोंधळे आडनावाची बाई बियाणांच्या नोकरीत, यावर नवा साहेब आला की एकदा हसून घ्यायचा. मॅडम त्याला पूर्ण हसू द्यायच्या आणि मग विचारायच्या, "झालं? आता सोयाबीनचे नमुने बघू या?" बांधा बारीक, आवाज त्याहून बारीक. गळ्यात काळ्या दोरीला भिंग. अंबाड्यात पेन्सिली खोचलेल्या. एकदा मी सात मोजल्या होत्या (दोन होत्या). लग्नानंतर तीन वर्षांतच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी वर्षा लहानपणापासून त्यांच्याकडंच वाढली, शिकली, मास्तरीण झाली. घरात बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तसबिरीखाली ओल्या कागदाच्या वळकट्या. त्या वळकट्यांत बी असायचं. ऑफिसात दिवसभर बी उगवायला घालून बाईचं पोट भरायचं नाही.

उगवण बघायची रीत अशी, की शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, गुंडाळी करायची आणि ठरल्या दिवशी उघडून किती जगले ते मोजायचं. असं चार वेळा. या शंभराच्या सवयीनं मॅडमना सगळं जगच शंभरात दिसायचं. लग्नात जेवायला बसल्या तरी नजर पंगतीवर. "शंभरातल्या नव्वदांनी जिलेबी घेतली. दहांना साखरेचा आजार आहे, नाहीतर नवरीकडचे आहेत." एकदा मी विचारलं, "मॅडम, शंभर माणसं घेतली तर माझ्यासारखी खोटारडी किती निघतील?" त्या म्हणाल्या, "खोटं सगळेच बोलतात. तुमच्यासारखं निरुपयोगी खोटं बोलणारा एकच निघेल." हे मी कौतुक धरलं. अजून धरतो.

पालमच्या बाजारात एक दुकानदार होता. त्याच्या दुकानावर आम्ही नमुने काढायला गेलो. पोत्यातून नमुना काढायला आमच्याकडं एक टोकदार पोकळ नळी असते. पोत्यात खुपसली की पोटातलं बी नळीतून हातावर येतं. दुकानदारानं दारातच चार पोती मांडून ठेवली होती, पाहुण्यांना बैठकीत बसवावं तशी.

"या मॅडम, या! गरिबाच्या दुकानाला पाय लागले. बसा, च्या सांगतो."

"चहा मी आणलाय." मॅडमच्या पिशवीत थर्मास असायचाच. जिथला नमुना काढायचा तिथलं पाणीही त्या प्यायच्या नाहीत.

"आमच्या च्यात काय इष हाय का, मॅडम?"

"विष नाही, साखर आहे. तोंड गोड झालं की हात जड होतो." आणि त्या सरळ मागच्या गोदामात शिरल्या. पोत्यांची थप्पी छतापर्यंत (छातीपर्यंत).

"तिकडं नका जाऊ, मॅडम! लय उंदरं हायत तिकडं!"

"बरं झालं. तुमचं बी कसं आहे ते त्यांनाच विचारते."

थप्पीच्या अगदी तळच्या पोत्यात त्यांनी नळी खुपसली. दारातल्या पोत्यांतला दाणा मोत्यासारखा होता, आणि हातावर आला तो म्हाताऱ्याच्या दातांसारखा. पिवळा, सुरकुतलेला, अर्धा किडका. परत येताना गाडीत मॅडम एवढंच म्हणाल्या, "वरून बघितलेलं खोटं नसतं, रेंगे. अर्धं असतं."

आता आमच्या प्रयोगशाळेची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. नमुना कापडी पिशवीत भरायचा, तोंड बांधायचं, वर लाखेचं सील. मग त्यावरचं नाव, गाव, दुकान सगळं काढून टाकायचं आणि एक नंबर घालायचा. कुठला नंबर कुणाचा, हे एका रजिस्टरात. रजिस्टर कपाटात, किल्ली मॅडमच्या कमरेला. तपासणाऱ्याला कळतच नाही की हे बी कुणाचं. आणि उगवण बघणाऱ्याला शुद्धतेचा निकाल सांगायचा नाही, शुद्धता बघणाऱ्याला उगवणीचा. सगळं वेगवेगळं तपासून झालं की शेवटी रजिस्टर उघडून एकत्र करायचं. "नाव दिसलं की डोळा फितूर होतो," असं मॅडम म्हणायच्या. आणि निकाल कधी लागतो म्हणून जो दुकानदार चौकशीला चकरा मारील, तो लबाड, हे त्यांनी पक्कं धरलेलं. सचोटीचा माणूस वाट बघतो.

या रिती सगळीकडंच असतील. पण मॅडमसारखी पाळलेली मी कुठं बघितली नाही. त्यांचा सख्खा भाऊ उत्तम, पोखर्णीकडं शेती करतो. एका वर्षी त्यानं बियाणासाठी म्हणून सोयाबीन केलं. त्याचा नमुना नंबर घालून मॅडमच्याच टेबलावर आला. शंभरात सत्तर उगवायला पाहिजेत. चारी वळकट्यांची सरासरी एकसष्ट भरली. नापास. मॅडमनी सही केली, मग रजिस्टर उघडलं, आणि भावाचं नाव दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप पोखर्णीला घ्यायला लावली. उत्तम अंगणातच उभा.

"अक्का, एक डाव नंबर फोडून बघितला असतास तर काय बिघडलं असतं?"

"नंबर फोडला असता तर सत्तर दिसले असते रे, उत्तम. माझेच डोळे हायत. मला म्हाईत हायत ते."

उत्तमनं पाठ फिरवली, पण त्याच्या बायकोनं ताट वाढलं. मॅडम जेवल्या. ताटातलं पिठलं पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "भाकरी पास हाय." भाऊ दोन वर्षं बोलला नाही. त्या मात्र दर महिन्याला जायच्या, अंगणात बसायच्या, आपल्या थर्मासातला चहा पिऊन यायच्या. तिसऱ्या वर्षी उत्तमनं स्वतःहून कप पुढं केला. "नमुना न्हाई काढायला आलीस न्हवं? मग पी की आमचा."

असल्याच एका फेरीहून परतताना, पोखर्णी मागं पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "रेंगे, गाडी हळू घ्या. समोर बघून ऐका, आणि लाजू नका. माझी पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली. परवा अंगावरून लाल गेलं. आज पुन्हा."

मी समोर असा काही बघायला लागलो, की मला तिथूनच परभणीचं बसस्टँड दिसायला लागलं.

"शेतात पेरलेलं नसताना काही उगवलं तर शेतकरी काय करतो?"

"उपटून टाकतो."

"न्हाई. आधी वाकून बघतो, काय उगवलंय ते. उद्या दवाखान्याकडं घ्या."

सांगायचं एवढ्यासाठी, की बाईनं दुखणं अंगावर काढलं नाही. सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं. त्याचा तुकडा तपासायला गेला, आणि कॅन्सर निघाला. एमआरआय झाला. मॅडमनी वर्षाला सांगितलं, वर्षा रडली, मॅडमनी तिला रडू दिलं आणि मग विचारलं, "झालं? आता जेवायला वाढ." ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं. परभणीतल्याच एका डॉक्टरीणबाईंनी केलं, छान केलं. पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"मॅडम, लवकर आलात. गाठ वरवर होती, भिंतीत अर्ध्यापर्यंतही गेलेली नाही. एमआरआयनंही तेच सांगितलं होतं."

"मग आता पास का?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पूर्ण नाही. "चित्रावर पास. पण एक सांगते. दोन बायकांची चित्रं अगदी सारखी दिसतात, आणि एकीला हा आजार परत होत नाही, दुसरीला वर्षात परत येतो. कारण गाठीतली जनुकं वेगळी असतात. काहींची सौम्य, काहींची फार वाईट. म्हणून आता चित्र आणि जनुकं शेजारी शेजारी ठेवून धोका किती ते ठरवतात. सौम्य निघालं तर नुसती तपासणी. वाईट निघालं तर चित्र कितीही चांगलं असू दे, किरणांचा शेक आणि केमो द्यावी लागते. आणि ती वेळेत सुरू व्हावी लागते."

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. आजारी बाईचा चेहरा नव्हता तो. नवीन वाण बघितल्यासारखा होता.

"म्हणजे चित्र सांगतं कुठवर आलाय. बी सांगतं कुठवर जाणार."

"एवढं सोपं मला कुणी करून दिलं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवलाय. तो आणि एमआरआयची सीडी, दोन्ही एकत्र हैदराबादला पाठवा. ही माझी चिठ्ठी सोबत. तीन आठवड्यांत कळेल. नाही कळलं तर मला फोन करा."

परत येताना मॅडम इतक्या खुशीत होत्या, की त्यांनी दोनदा माझं बोलणं न वाळवता तसंच जाऊ दिलं.

आणि मग ऑफिसच्या टेबलावर बसून त्यांनी जे केलं, ते जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणी केलं नसतं. मेणाचा ठोकळा एका कापडी पिशवीत घातला. सीडी दुसऱ्या पिशवीत. दोन्हीवर लाखेचं सील. ठोकळ्यावरची नावाची चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. सीडीवरचं नाव पुसलं. एका पिशवीला एक नंबर, दुसरीला दुसरा. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घडी करून रजिस्टरात ठेवली.

"मॅडम," मी म्हणालो, "त्या तर म्हणाल्या, एकत्र पाठवा. चिठ्ठीसकट."

"चिठ्ठीत सगळंच लिहिलंय, रेंगे. बी तपासणाऱ्यानं आधीच वाचलं की चित्र चांगलं आहे, तर त्याला बीही चांगलंच दिसेल. वेगवेगळं बघू द्या त्यांना. दोन निकाल आले की मी रजिस्टर उघडते आणि त्यांना कळवते. एकत्र शेवटी करायचं असतं."

रजिस्टरात दोन नंबर, दोन्हींपुढं एकच नाव. शकुंतला जोंधळे. कपाट बंद. किल्ली कमरेला. मला ते इतकं भारी वाटलं! स्वतःच्या जिवाचा नमुना, आणि बाई स्वतःलासुद्धा सवलत देत नाही! पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः घेऊन जा. आणि नाव विचारलं तर सांगायचं नाही."

मी हैदराबादला गेलो. त्या केंद्रात खिडकीवर एक पोरगेलासा कारकून होता. मी दोन्ही पिशव्या ठेवल्या.

"मरीज का नाम बोलो, चाचा."

"नाम नहीं बोलते हम. नंबर है."

"नाम कायकू नहीं बोलते? जेल का कैदी है क्या?"

"हमारा नियम है. दो नंबर, दो थैली. अलग अलग देखो."

त्यानं पिशवी उलटीपालटी केली, लाखेचं सील बघितलं आणि शेजारच्याला दाखवून हसला. "ये देखो रे, निजाम का खजाना आया!" मग मला म्हणाला, "ऐसा नक्को चाचा. नाम नहीं तो फारम नहीं, फारम नहीं तो काम नहीं. फोन नंबर तो देव."

"वो भी नहीं."

"हौला है क्या चाचा? अच्छा, रखो उधर. डाक्टर आए तो पूछ लेते."

त्यानं दोन्ही पिशव्या एका ट्रेमध्ये टाकल्या. ट्रेमध्ये असलाच अर्धवट माल पडला होता. मी तिथं पाच मिनिटं उभा राहिलो. मनात आलं, सांगून टाकावं नाव. पण मॅडमचा हुकूम मोडायचा म्हणजे काय! मी नियमाचा माणूस असल्याच्या रुबाबात बाहेर पडलो.

(इथून पुढं वजा करण्यासारखं काही नाही.)

परभणीला उतरलो तो सरळ मॅडमच्या घरी. त्या पंख्याखाली बसल्या होत्या, पोटावर उशी धरून. टाके ओढत होते.

"घेतलं का नीट?"

नीट घेतलं नव्हतं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तीस वर्षं या तोंडातून साधं वाक्य निघालेलं नाही. आणि खरं सांगायचं तर, खिडकीवर पोरानं मला वेड्यात काढलं हे सांगायची लाज वाटली. मी सुरू झालो.

"घेतलं म्हणजे काय मॅडम! सील बघूनच उठून उभे राहिले सगळे. मशीन काय तिथलं! आपल्या जिनिंग मिलएवढं. इकडून गाठ घातली की तिकडून जातकुळी बाहेर. आणि रांग? नुसत्या बायकांच्या नमुन्यांची रांग मॅडम, हैदराबादेत खिडकी आणि शेवटची बाई पिंगळी स्टेशनात उभी! आपला नंबर लागायला दोन-अडीच महिने तरी लागतील."

आणि मी थांबलो. बोट वर यायची वाट बघत थांबलो. बोट वर आलं असतं, तर रांग पिंगळीहून आखडत आखडत त्या ट्रेपर्यंत आली असती. पोरगं आलं असतं, त्याचं हसणं आलं असतं, सगळं बाहेर पडलं असतं. मी दुप्पट करूनच सांगितलं होतं ना, अर्धं जाणार म्हणून.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "बरं झालं," म्हणाल्या. "निगुतीनं करतात म्हणजे."

बोट वर आलं नाही.

तीन आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंना फोन करायला पाहिजे होता. मॅडमनी केला नाही. निकालासाठी चकरा मारणाऱ्याला त्या काय म्हणायच्या ते आधी सांगितलंय. वर्षा रोज म्हणायची, "आत्या, विचारू या का?" आत्या म्हणायची, "रांग हाय बाई. रेंगे बघून आलेत." त्या मधल्या काळात मॅडम तरतरीत झाल्या, ऑफिसला यायला लागल्या. गावोगाव नमुने काढताना दारादारात बायकांना थांबवून सांगायच्या, "पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दवाखाना गाठायचा. लाजायचं न्हाई. मी गेले, बघा, कशी उभी हाय." त्या उभ्या असायच्या, आणि मी जीपमध्ये बसून स्टिअरिंगला फडकं मारत असायचो. कितीदा तरी वाटलं, आता सांगावं. मग वाटायचं, एव्हाना डॉक्टरनं पिशव्या बघितल्या असतील, कामही झालं असेल. मी स्वतःलाच गोष्ट सांगत होतो, आणि माझ्यासमोर बोट वर करायला कुणी नव्हतं.

अडीच महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. इतका उशीर कसा म्हणून त्यांनी स्वतः हैदराबादला विचारलं होतं. या नावाचं काहीच आलेलं नाही, असं तिकडून उत्तर मिळालं.

मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. रजिस्टर टेबलावर उघडं.

"रेंगे. खिडकीवर काय झालं, ते ओलावा वजा करून सांगा."

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या दमात कोरडं सांगितलं. ट्रे, पोरगा, निजामाचा खजिना, सगळं. मॅडम ऐकत होत्या. मला वाटलं आता त्या ओरडतील. तीस वर्षांत ओरडल्या नव्हत्या, पण आज ओरडाव्यात असं फार वाटत होतं. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. परत खोचली. पेन घेतलं. रजिस्टरात त्या दोन नंबरांच्या पुढं शेऱ्याचा रकाना होता, त्यात लिहिलं: 'विलंब. चूक नमुना काढणाराची.' आणि खाली सही केली. नमुना काढणाऱ्या त्या स्वतः होत्या.

"मॅडम, नेणारा मी होतो."

"नेणाराचा रकाना न्हाई रजिस्टरात," म्हणाल्या आणि कपाट बंद केलं.

पुढचं भराभर झालं. डॉक्टरीणबाईंनी नाव आणि दोन्ही नंबर कळवले, पिशव्या त्याच ट्रेमध्ये सापडल्या, सील जसंच्या तसं. निकाल आला. बी वाईट होतं. वाईटातलं वाईट. आम्ही तिघं, मॅडम, वर्षा आणि मी, हैदराबादला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मॅडमना नवा स्कॅन करायला लावला आणि मग संगणकावर सगळं शेजारी शेजारी लावून दाखवलं. एका बाजूला जुना एमआरआय, गाठ वरवरची. दुसऱ्या बाजूला जनुकांचा कागद. आणि खाली नवीन चित्र, त्यात पाठीच्या कण्याजवळ दाण्याएवढ्या गाठी.

मॅडमनी गळ्यातलं भिंग पडद्याला लावलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"दोन तपासण्यांचं एकमेकींशी पटलं नाही, तर तुम्ही कुणाचं ऐकता?"

"कुणा एकीचं नाही," त्या हिंदी मिसळून म्हणाल्या. "दोघींना समोरासमोर बसवतो. दोघी मिळून जे सांगतात ते एकटीला माहीतच नसतं. म्हणून तर दोन्ही एकदम मागवतो."

"एकदम," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासूनच एकदम." आणि भिंग खाली सोडलं.

बाहेर आल्यावर वर्षानं त्या डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, वेळेत आलो असतो तर? मी चार पावलांवर होतो. त्या म्हणाल्या, "या प्रकाराचं सांगता येत नाही. उपचार घेऊनही परत येतो कधी कधी. पण एक संधी होती." एक संधी. हे किती, हे मी मॅडमच्या पद्धतीनं शंभरात मांडायचा प्रयत्न अजून करतो. आकडा येत नाही.

केमो झाली. केस गेले, पेन्सिल खोचायला जागा उरली नाही. मग त्या पेन्सिल कानावर ठेवायला लागल्या. उत्तम पोखर्णीहून दर आठवड्याला यायचा आणि थर्मास घेऊन यायचा. "अक्का, घरचा च्या हाय. नमुना न्हाई." मी रोज जायचो. बसायचो. पण बोलायचो ते फक्त जेवढं घडलंय तेवढं. आज ऊन आहे. जीपचं टायर बदललं. मोंढ्याच्या बाजारात गर्दी होती. मी शपथच घातली होती स्वतःला.

शेवटचं बघितलं तो दिवस सांगतो. दुपारची वेळ. मॅडम खाटेवर, भिंतीला टेकलेल्या. उशाशी ओल्या कागदाची एक वळकटी. ज्वारी घातली होती. मला उघडायला लावली. बोटात बळ नव्हतं म्हणून त्यांनी नजरेनंच मोजलं. काही दाण्यांना पांढरे कोंब आले होते, काही तसेच.

"हे बघा," कोंब न आलेल्या एका दाण्याकडं हनुवटी करून म्हणाल्या, "हे वर्षानं उन्हात लय वाळवलं. कडकडीत. म्हटलं तिला, बाई, सगळा ओलावा गेला की बी मरतं. थोडा ठेवावा लागतो."

मी म्हटलं, "हो."

"आज काय झालं बाजारात?"

"काही नाही मॅडम. ऊन होतं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. तेच चष्म्यावरून.

"रेंगे, तुमी लय कोरडे झालात हो."

"ते मशीन सांगा की. हैदराबादचं."

"मॅडम, ते नका."

"सांगा. जिनिंग मिलएवढं होतं न्हवं?"

वर्षा दारात येऊन उभी राहिली होती. मी घसा साफ केला. "जिनिंग मिल काय मॅडम," मी म्हणालो, "दोन जिनिंग मिली एकावर एक. इकडून गाठ घातली, की तिकडून जातकुळी बाहेर. सील बघून सगळे उठून उभे. आणि रांग..."

"हां. रांग."

"हैदराबादेत खिडकी, आणि शेवटची बाई पिंगळी स्टेशनात."

मॅडमनी डोळे मिटले होते. हसत होत्या. उजव्या हाताचं बोट पांघरुणावरून हळूहळू वर आलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं मी थांबलो, आता अर्धं वजा होणार म्हणून.

"लय येळची उन्हात उभी हाय ती," म्हणाल्या. "पुढं येऊ द्या तिला. इथवर येऊ द्या."